डहाळीच्या जागेवरची गोष्ट

शहरातल्या पावण्यांना शेण फार आवडतं. गव्याचं शेण. चार शिकलीसवरली माणसं शेणाच्या एका पोभोवती गुडघे टेकून फोटो काढताना मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, ह्यांच्यात कुणीतरी आजारी असणार आणि वैदूनं काहीतरी भलतंच सांगितलेलं असणार. मग सवय झाली. मानेवर पडदा सोडलेल्या टोप्या, धडधाकट पाय असून दोन हातांत दोन काठ्या. सारवलेल्या सपाट अंगणातसुद्धा त्या काठ्या टेकत येतात आणि ताटावर बसताना विचारतात, ताई, हे सगळं ऑरगॅनिक आहे ना? मी म्हणते, खर्डा खाऊन बघा, उद्या सकाळी कळेल.

आमचं गाव राधानगरीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आहे. एसटी जिथं येऊन मागं वळते तिथं. इथं जंगल पायी दाखवतात. जीप नाही, भोंगा नाही. उजाडायला गावातला वाटाड्या पावण्यांची ओळ लावून आत शिरतो, देवराई, ओढा, पाणवठा, वरचा कातळाचा सडा असं फिरवतो आणि ऊन तापलं की खाली आणून आमच्या मांडवात जेवायला बसवतो. कोल्हापुरातल्या एका सरांच्या डोक्यातनं हे निघालं. गावानं समिती केली, वनखात्यानं मान डोलावली. त्यातनं गावाला पाण्याची टाकी झाली. घरोघरी गॅस आला, त्यामुळं बायकांचं लाकडं तोडायला जाणं थांबलं. सशाला, भेकराला लावायचे फासे गावानं आपण होऊन काढून टाकले. इचलकरंजीत मागावर पाळ्या करून वाळलेली पोरं परत आली आणि वाटाडे झाली. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. कुणाच्या चांगल्याला वाईट म्हणणारी बाई मी नव्हे. जे वाईट झालं तेवढंच सांगणार आहे.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. वडील तालमीतले, भाऊ फुटबॉलवाले. आमच्या घरात कुणी हळू बोललं तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघायचे. लग्न होऊन इथं आले आणि सासूनं पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगितलं की सून देखणी हाय, पण तोंड न्हवं, तोफ हाय. नवरा नुसता हसला. तो हळू बोलणारा माणूस. कुणी चेष्टा केली तर त्याला ती कळायला जरा वेळ लागायचा आणि सगळे हसून झाल्यावर हा हसायचा. दारूच्या वासानं त्याला मळमळायचं. शिमग्याला गावातले गडी पिऊन पडले की हा एकेकाला धरून घरी पोचवायचा आणि नंतर ओढ्यावर जाऊन अंग धुवायचा. हे मी मुद्दाम सांगते. लक्षात ठेवा.

त्याला गव्यानं मारलं. पोरगी तेव्हा भिंत धरून चालायला लागली होती. पाऊस उघडला होता, आमची गाभण म्हैस चरायला गेलेली परत आली नाही, म्हणून नवरा आणि माझा धाकटा दीर, दोघं तिला शोधायला रानात गेले. नवऱ्याच्या हातात दावं होतं, दुसरं काही नाही. कारवीत एक एकटा म्हातारा गवा बसलेला, ह्यांना दिसला नाही, त्याला हे दिसले. दीर शेजारच्या जांभळीवर चढला. नवरा मागं होता, त्याला झाड मिळालं नाही, तो पळाला. दिरानं वर बसून सगळं बघितलं. गवा गेल्यावर उतरला, बोंबलत गावात आला. चौघांनी घोंगड्यात घालून नवऱ्याला खाली आणलं आणि जीपमधनं राधानगरीला नेताना वाटेत तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. दीर पुढं ड्रायव्हरशेजारी बसून रडत होता.

झाडावर चढला म्हणून मी दिराला कधी एका शब्दानं बोलले नाही. मी असते तर मीही चढले असते. दोघं मेले असते तर काय मोठं कल्याण होणार होतं? गव्यावरही माझा राग नाही. जनावर ते. माझा राग माणसांवर आहे.

आमच्या गावची एक रीत आहे. रानात कुणी वाईट मरणानं मेलं तर त्या जागेवरनं जाताना प्रत्येकानं एक ओली डहाळी तोडून तिथं टाकायची आणि पुढं जायचं. मेलेल्याचं नाव त्या जागेवर घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो उठून मागं येतो म्हणतात. मी पेठेतली, मला असलं पटत नाही, पण सासूसमोर काय बोलणार. घरातसुद्धा त्याचं नाव घेणं हळूहळू कमी झालं. पोरगी मोठी होताना 'तुझा बा' एवढंच ऐकत आली. मी त्या जागेकडं कधी गेले नाही. लोक येता-जाता डहाळ्या टाकत राहिले.

मग हे पायी जंगल सुरू झालं. भाऊ गेल्यावर दीर इचलकरंजीला मागावर गेला होता, तो परत आला होता, त्याला जंगल माहीत होतं आणि जिभेला धार होती, म्हणून तोच पहिला वाटाड्या झाला. स्वयंपाक माझ्याकडं आला. नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, खर्डा, भात. लोक जंगलापेक्षा माझ्या आमटीचं जास्त बोलायचे. पोरीचं शिक्षण त्याच आमटीवर झालं. काही वर्षं बरी गेली. डहाळीच्या जागेवर दीर थांबतो आणि पावण्यांना डहाळ्या टाकायला लावतो एवढं मला माहीत होतं. काय सांगतो ते मी विचारलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ, तो काय सांगणार?

एका दुपारी पुण्याकडची मंडळी जेवायला बसली होती. त्यांत एक पिकल्या केसांची बाई, बोलायला गोड, दर भाकरीला थँक्यू म्हणणारी. ती शेजारणीला म्हणाली, काय पण माणसं असतात, दारू पिऊन गव्याच्या पिल्लाला फास लावायला गेला, मग आई सोडेल का? बरंच झालं मेला ते. शेजारीण म्हणाली, अगदी, अशांना अशीच शिक्षा हवी. मला आधी कळलंच नाही कुणाबद्दल चाललंय. मग त्या बाईनं मान वर करून मला विचारलं, "ताई, तो डहाळ्यांच्या जागेवरचा माणूस. तुम्ही ओळखत होता का हो त्याला?"

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"व्हय," म्हटलं. "माझ्याच हातचं जेवायचा."

"अय्या, म्हणजे तोपण इथं जेवायला यायचा?" ती म्हणाली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली. मी वाढली.

दीर नळावर पाय धुवत होता. मी गेले आणि नळ बंद केला. आजवर मी त्याला भावजी म्हणत आले, अहोजाहो करत आले. त्या दिवशी अरेतुरेवर आले. दारुडा कोण, फास कुणी लावला, तुझ्या आईच्या पोटचा होता का नव्हता, सगळं विचारलं. मांडवातले पावणे माना वळवून बघायला लागले, बघू देत म्हटलं. तो ओल्या पायानं उभा राहिला. म्हणाला, "नाव कुठं घेतलंय मी, वैनी?"

हे त्याचं उत्तर. नाव घेतलेलं नाही. एक माणूस म्हणतो तो. एक माणूस म्हणजे कुणीही.

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला वाटत होतं की ऐकून मला पटेल. पहिल्या वर्षी तो खरं तेच सांगायचा. दोघं म्हैस शोधायला आले, गव्यानं एकाला मारलं. तर पावणे तिथंच घाबरायचे, बायका पोरांना कडेवर घ्यायच्या, एकदा तर अख्खी टोळी माघारी फिरली. सर म्हणाले, असं सांगू नका, जनावर उगीच मारत नाही हे लोकांना कळलं पाहिजे, काहीतरी कारण असणारच, ते सांगा. मग दिरानं कारण दिलं. पहिल्यांदा म्हणाला, त्या माणसानं दगड मारला. लोकांनी माना डोलावल्या. मग दगडाबरोबर दारू आली. मग पिल्लू आलं, फास आला. जसजसा माझा नवरा वाईट होत गेला तसतशी पावण्यांची भीती गेली. आपण काही दारू पीत नाही, फास लावत नाही, मग गवा आपल्याला कशाला मारतोय? असं म्हणून ते खुशाल पुढं चालायला लागले.

मी ऐकून घेतलं. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही, ती माझी मला कळली. खऱ्या गोष्टीत एक माणूस जांभळीवर बसून बघत होता. दारुड्याच्या गोष्टीत झाडावर कुणीच नव्हतं.

मी समिती बोलवायला लावली. देवळाच्या ओवरीत बसले सगळे, सरही आले. सर चांगले आहेत, हे मला आजही म्हणावं लागतं. कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलणार नाहीत, चहा दिला तर कप स्वतः विसळतील. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं. ते म्हणाले, वहिनी, तुमचं दुःख मी समजतो. पण ही गोष्ट आता एका माणसाची राहिलेली नाही. ती ऐकून लोक गव्याच्या बाजूनं उभे राहतात. मी विचारलं, मग माझ्या नवऱ्याच्या बाजूनं कोण उभं राहतंय? ज्या चौघांनी त्याला घोंगड्यात घालून आणला, त्यातले तिघं समोर बसलेले. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडं बघून मी म्हटलं, तुमच्या खांद्यावरनं आलाय तो, तुमी सांगा, तोंडाला वास येत हुता दारूचा? तो खाली बघत राहिला. त्याला सगळं आठवत होतं, हे मला त्याच्या मानेवरनं दिसत होतं. मग तो म्हणाला, "सूनबाई, टाकीत पाणी येतंय न्हवं?"

येत होतं. रोज येत होतं.

स्वयंपाक सोडते म्हणून मी धमकी दिली तर एकीनं लगेच, मी करीन की, म्हणून हात वर केला. तिच्या आमटीत वाटाणे एका कडेला आणि पाणी दुसऱ्या कडेला पळतं, गावाला माहीत आहे. पण हात वर झाला. शेवटी सरांनी तोडगा काढला की मी जवळ असताना ती गोष्ट सांगायची नाही. मी कधी जंगलात जातच नव्हते, तेव्हा हा तोडगा सगळ्यांना सोयीचा पडला. सगळे उठले, चपला घातल्या. मी स्वयंपाक सोडला नाही. माझी पोरगी बारावी झाली होती आणि तिला वाटाडी व्हायचं होतं. गावातली पहिली बाई वाटाडी. सरांनी होय म्हटलं होतं. मी भांडून उठले असते तर तिचं गेलं असतं.

आता पोरीचं सांगते. माझीच आहे, माझ्याच तोंडाची. शेळीसारखी चढते, पाखरू ओरडलं की न बघता सांगते कोण ते, आणि कुणाची पर्वा करत नाही. लहानपणी तिला मी फार मारलं आणि फार बोलले, एकटी बाई आणखी काय करणार, आणि तिनंही ते सगळं व्याजासकट परत केलं. आमच्या दोघींच्या भांडणाला शेजारी रेडिओ म्हणायचे. आमच्याकडं पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, लिहिताना मी नीट लिहिते पण बोलताना मीही तशीच. सरांनी तिला शिकवलं, 'मी सांगते' म्हणायचं, 'इथे' म्हणायचं, 'इथं' नाही. कांदा चिरताना ती पाठ म्हणायची. ही देवराई, इथे काडीसुद्धा तोडत नाहीत. हा ओढा, इथे सकाळी शेकरू दिसते. हा पाणवठा. ओढा आणि पाणवठा यांच्या मधेच डहाळीची जागा येते. तिथं आली की ती माझ्यासमोर गप्प व्हायची, एक कांदा चिरायची, आणि पाणवठ्यापासनं पुढं सुरू करायची.

तर एका दुपारी मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हैस, दावं, कारवी, जांभळ, काका कुठं होता ते. नवऱ्याचं नाव घेतलं, मोठ्यानं. तिला पहिल्यांदा कळलं असं नाही, गावात अर्धंमुर्धं कानावर येतंच. पण सलग तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, मधे काही विचारलं, आणि मग मी माझं मागणं सांगितलं. म्हटलं, तुझ्या पहिल्या फेरीला त्या जागेवर खरं सांग. खरं सांगायची छाती नसंल तर काहीच सांगू नको. डहाळी टाकायला लाव आणि पुढं चल. पण तुझ्या तोंडनं तुझ्या बापाला चोर म्हणू नको. एवढंच.

"मला त्याचं तोंडबी आठवत न्हाय, आई," ती म्हणाली. "तुझा नवरा हुता त्यो. माझं काय हुतं त्याच्याशी?"

मी थोबाडीत मारली. मोठी झाल्यापासनं पहिल्यांदाच. ती रडली नाही, गालाला हातही लावला नाही. "बघतो," म्हणाली आणि उठून गेली.

तिची पहिली फेरी म्हणजे परीक्षाच होती. सर आणि दीर बरोबर असणार, त्यांनी पास म्हटलं की तिला बिल्ला मिळणार. पावणे कोल्हापूरचेच होते, एका बँकेतले लोक, बायकापोरांसकट. ओळीच्या शेवटी एक माणूस ठेवतात, कुणी मागं राहू नये म्हणून, त्याला शेपूट म्हणतात. मी म्हटलं, आज शेपूट मी. दिरानं सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं, आणि कुणाला नाही म्हणता आलं नाही. भाकऱ्या मी शेजारणीच्या गळ्यात घातल्या, आमटी आधीच करून ठेवली.

पोरगी पुढं छान चालत होती, खोटं कशाला सांगू. हात वर केला की सगळी ओळ थांबायची. देवराईत तिनं लोकांना चपला काढायला लावल्या आणि बँकेतल्या साहेबानं निमूट काढल्या. ओढ्यावर शेकरू दिसलं. ओढ्यानंतर वाट वळली आणि ती जागा आली.

मी इतकी वर्षं गेले नव्हते. मला वाटलं होतं चार काटक्या असतील. कमरेएवढा ढीग होता, खाली कुजलेला, मधे वाळलेला, वर हिरवा. शेजारी जांभळ होती, चांगली दांडगी झालेली. पावण्यांनी डहाळ्या तोडल्या, टाकल्या. एकानं टाकताना बायकोला व्हिडिओ घ्यायला लावला, तो नीट आला नाही म्हणून पुन्हा उचलून टाकली. एका लहान मुलीनं विचारलं, तो ह्याच्या आत आहे का? आणि सगळे हसले. दीर ढिगाकडं बघत नव्हता. तो कधीच बघत नसावा.

पोरगी ढिगाच्या पलीकडं उभी राहिली आणि सगळ्यांच्या डोक्यावरनं तिनं माझ्याकडं बघितलं. सरळ. मला वाटलं, आता ही सांगणार.

"इथे एका माणसाला गव्याने मारले," ती म्हणाली. "तो चोर नव्हता. शिकारी नव्हता. त्याची म्हैस हरवली होती आणि तो तिला शोधायला आला होता. त्याच्या हातात फक्त एक दावे होते."

मी जांभळीला हात लावून उभी राहिले. दिरानं झटकन वर बघितलं. सरांच्या कपाळाला आठी पडली. मी मनात म्हटलं, शाब्बास गं माझी वाघीण, मारलेली थोबाडीत परत घेतली मी.

"पण तो भरपूर प्यायला होता," ती म्हणाली. आणि तिचा आवाज बदलला, गोष्ट रंगवायला बसल्यासारखा झाला. "कारवीत त्याला काळी पाठ दिसली. त्याला वाटले, हीच आपली म्हैस. गेला जवळ, ये गं बाई ये गं बाई करत, आणि दावे टाकले गव्याच्या गळ्यात!"

बँकेचे साहेब हसले. मग त्यांची बायको. मग सगळी ओळ हसायला लागली. पोरगी थांबली, त्यांना हसून घेऊ दिलं, आणि मग म्हणाली, "आणि पुढे ऐका. त्याला जीपमधून दवाखान्यात नेत होते, जीव चालला होता, आणि हा बायकोला काय विचारतोय? म्हैस सापडली का?"

एकानं तर मांडीवर थाप मारली. सरांच्या कपाळावरची आठी गेली होती, तेही हसत होते, आणि दिराकडं बघून मान हलवत होते की जमली पोरीला.

ते शब्द खरे होते. त्या दुपारी मी सगळं सांगत असताना तिनं मधेच विचारलं होतं, काय बोलला का त्यो शेवटी? आणि मी सांगितलं होतं. मांडीवर डोकं, तोंडातनं रक्त येत होतं, आणि त्यानं मला विचारलं, म्हस घावली का? मी म्हटलं, घावली, गोठ्यात बांधलीय. मग गेला. ती म्हैस आम्हाला कधीच मिळाली नाही. हे मी सासूला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, दिरालाही नव्हतं. दिरानं ते त्या दिवशी पावण्यांबरोबर पहिल्यांदा ऐकलं. तो एकटा हसला नाही. तो वाटेकडेला जाऊन पाठ करून उभा राहिला, लघवीला गेल्यासारखा, आणि त्याचे खांदे हलत होते.

"तर जंगलात येताना डोकं ठिकाणावर ठेवून यायचं," पोरगी म्हणाली. "चला, पाणवठा बघू." आणि ओळ पुढं निघाली. कुणी घाबरलं नव्हतं. पोरंसुद्धा पुढं पळत होती.

मी शेपूट होते, मला मागं राहता येत नव्हतं.

खाली आल्यावर मी तिला गॅसच्या मागं गाठलं. हात उगारला नाही, त्राणच नव्हतं. एवढंच विचारलं की ते माझं होतं, ते का दिलंस त्यांना?

ती पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं. "काका त्याला चोर म्हणायचा," ती म्हणाली. "मी चोराचा येडा केला. चोरापेक्षा येडा बरा की. लोकं हसली, कुणी शिवी दिली का त्याला? खरं सांगितलं असतं तर ह्यो सगळा मांडव उठला असता. आणखी काय पायजे तुला?"

मला तिच्या तोंडावर कुठंही लाज दिसली नाही. ती खरंच विचारत होती. तिच्या हिशेबानं तिनं बापासाठी जमेल तेवढं केलं होतं, बिल्ला गमावू न देता. आणि वाईट हे, की गावातल्या कुणीही त्याच्यासाठी तेवढंसुद्धा केलं नव्हतं.

पंगत बसली. सरांनी सगळ्यांसमोर तिच्या ओढणीला बिल्ला लावला, टाळ्या झाल्या. दीर जेवायला थांबला नाही. मी वाढायला घेतलं. बँकेच्या साहेबाला वाढलं, त्यांच्या बायकोला वाढलं, ढिगाच्या आत आहे का विचारणाऱ्या मुलीला भातावर तूप जास्त घातलं. ओळीच्या टोकाला पोरगी बसलेली, ताट पुढं धरलेलं. मी तिच्यापुढनं तशीच गेले आणि सरांना आमटी वाढली.

ती उठली, पातेल्यातली आमटी आपल्या हातानं वाढून घेतली, दोन भाकऱ्या घेतल्या आणि पावण्यांच्या मधे जाऊन बसली. चढणीला दमून मागं राहिलेला एक म्हातारा तिला म्हणाला, बाळ, ती गव्याची गंमत मला नीट ऐकू आली नाही गं. तिनं घास गिळला आणि पहिल्यापासनं सांगायला सुरुवात केली. या वेळी तिनं गव्याचा आवाजही काढला.